चांद्याला रस्ता ठाऊक होता

करीच्या दिवशी केशवरावांच्या अंगणात मटणाची पंगत उठली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "आबा, आता चांद्याची गोष्ट होऊन जाऊ द्या." पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळा बैलांचा आणि कर माणसांची, असा या भागातला हिशोब. त्या दिवशी घरोघरी रस्सा शिजतो आणि रश्श्याच्या आधी बाटली उघडते. केशवराव आधी आढेवेढे घ्यायचे. "कितीक डाव आयकान बे तेच ते?" असं म्हणायचे, पण म्हणता म्हणता खाटेवर मांडी ठोकून बसलेलेही असायचे. ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणाऱ्यालाच हौस जास्त, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गोष्ट अशी. केशवराव तरणेताठे होते तेव्हा सौंसरच्या बाजाराला बंडी जुंपून जायचे. जाताना बंडीत कापूस नाहीतर संत्री. येताना बंडी रिकामी आणि मालक भरलेला. बाजार उठला की दोस्तांबरोबर मोहाची व्हायची. मग बंडीतल्या तणसावर जे आडवे व्हायचे ते थेट घरच्या गोठ्यासमोर उठायचे. मधला सगळा रस्ता बैलांच्या भरवशावर. लाल्या आणि चांद्या अशी जोडी होती. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद होता आणि जोडीची सगळी अक्कलही म्हणे त्यालाच मिळाली होती.

"मी पडलो मुडद्यावानी," केशवराव हात पसरून दाखवायचे, "आन् चांद्या आपला घुंगरं वाजवत चालून राह्यला. रामाकोन्याच्या बंड्या सीध्या जात, हा बरोबर फाट्यावर वये. नाल्याच्या उतारावर हयू होये. चाकाले गोटा नाई लागू देल्ला बापानं!"

"मंग आबा, दारू सोडली काऊन?" हा ठरलेला प्रश्न.

"चांद्या बुढा झाला. मंग घरी आणन कोन?" हे ठरलेलं उत्तर. त्यावर अंगण हसायचं, आणि केशवराव सगळ्यांच्या वर हसायचे.

केशवरावांची बायको देवकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. हसायचीही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सून सरला म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. गावात कोणाकडे पाहुणे येऊन गेले, कोणाची सोयरीक मोडली, सगळं संध्याकाळच्या आत तिच्या तोंडून गावभर. पण हा एक तीळ मात्र तिनं जन्मभर भिजत घातला होता.

चांद्याला रस्ता ठाऊक नव्हता.

बैल भला होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. सौंसरहून तो बाकीच्या बंड्यांमागं मुकाट चालत यायचा. पण फाटा आला की पुढच्या बंडीमागं तोही पुढच्या रामाकोना गावाकडे सरळ निघायचा, नाहीतर तहान लागली की नाल्यात. देवकाबाई नवी नवरी होती तेव्हाच बाजाराच्या दिवशी बंडी नाल्यात सापडली होती. एक चाक चिखलात, एक हवेत, बैल मजेत पाणी पीत उभे आणि धनी खाली पडता पडता बंडीच्या कठड्याला अडकून घोरत. देवकाबाईनं आणि सासूनं मिळून ती बंडी वर काढली. शुद्धीवर असलेले चार प्राणी तिथं होते, दोन बाया आणि दोन बैल. पैकी बैलांनी काही ऐकलं नाही.

सासू मोठी धोरणी बाई. घरी आल्यावर म्हणाली, "पाह्य सूनबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्यापासून बाजाराच्या दिवशी दिवेलागणीले फाट्यावर जात जाय. कासरा धर आन् घेऊन ये. कोनाले सांगू नोको, त्याले तं बिलकूलच नोको."

मग दर बाजाराला देवकाबाई पाणी आणायच्या निमित्तानं निघायची. फाट्यावर कडुलिंबाखाली उभी राहायची. बंड्या ओळीनं यायच्या, घुंगरांच्या आवाजावरून आपली कोणती ते तिला लांबूनच कळायचं. ती पुढं व्हायची, चांद्याचा कासरा हातात घ्यायची आणि वळवायची. घरी आणून बैल उभे केले की मागच्या दारानं आत शिरायची आणि भांडी वाजवायची. आवाजानं केशवराव उठायचे, डोळे चोळायचे आणि चांद्याच्या गळ्यात पडायचे. "वा रे माह्या राज्या! आणलं मले घरी!"

पहिल्या वेळी तिला राग आला होता. मग हसू येऊ लागलं. आणि खरं सांगायचं तर, ज्या वाटेनं जायचा तिला हुकूम झाला होता ती वाट तिला आवडायला लागली. सासरच्या घरात बसायला उठायला कोणाची ना कोणाची नजर असायची. त्या वाटेवर ती एकटी, दोन बैल आणि एक निरुपद्रवी नवरा. रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुलिंब वर जाऊन एकमेकांना भिडलेले. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांचा फुलोरा बंडीवर गळायचा. संत्र्याच्या दिवसांत रिकाम्या बंडीलाही वास यायचा. ती बैलांशी बोलत चालायची. माहेरच्या, सासूच्या, सगळ्या कागाळ्या चांद्यानं ऐकल्या होत्या. तेवढं तरी त्याला ठाऊक होतं.

ते कडुलिंब आता नाहीत. रोड रुंद झाला तेव्हा एकेक करून गेले. सौंसर आता इतकं जवळ आलं आहे की गाडीत बसतो न बसतो तोच येतं, आणि फाट्यावर उभं राहिलं तर ट्रकच्या वाऱ्यानं पदर उडतो. गोठ्यात बैल नाहीत. ट्रॅक्टर आहे आणि संत्री वाहायला गजेंद्रची पिकअप आहे. गजेंद्र हा तिचा एकुलता एक मुलगा. कष्टाळू, मायाळू, आणि करीच्या दिवशी बापाची गोष्ट ऐकता ऐकता घोट घेणारा.

बैल गेले तरी पोळा कसा सोडायचा? गजेंद्रनं त्यावर तोड काढली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात, तसं त्यानं पिकअपच्या स्टेअरिंगला हळद-लोणी चोळलं आणि बैलांना देतात तसं आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी गाडीला झूल घातली, पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला, आणि खुंटीवरची चांद्याची घुंगरमाळ काढून आरशाला बांधली. सगळं गाव बघून हसलं. देवकाबाईही हसली. "हा माह्या चांद्या," गजेंद्र बॉनेटवर थाप मारून म्हणाला. "ह्याले बी रस्ता पाठ हाय."

ते वाक्य तिला खटकलं होतं. पण सणाचा दिवस, म्हणून तिनं गिळलं.

दुसऱ्या दिवशी कर. पंगत उठली, गोष्टीची फर्माईश झाली. अंगणात शेजारची यमुनाबाईही होती. देवकाबाईच्या बरोबरीनं तिनं आयुष्यभर कापूस वेचला होता आणि पूर्वी या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसणारी तीच. मागच्या वर्षी तिचा अमोल पांढुर्ण्याहून कामावरून मोटरसायकलनं येत होता. पोरगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, डोक्यावर हेल्मेट. फाट्यावर समोरून कोणाची तरी कार आली, पाहुणचारात दारू पिऊन निघालेल्या माणसाची. अमोल तिथंच गेला. कारवाला शुद्धीवर आल्यावर म्हणाला, रोजचाच रस्ता आहे, डोळे मिटूनही येतो मी.

केशवराव रंगात आले होते. "मी पडलो मुडद्यावानी, आन् चांद्या..." यमुनाबाई उठली. ताट धुऊन पालथं घातलं आणि फाटकातून निघून गेली. केशवरावांचं लक्ष नव्हतं. देवकाबाईचं होतं.

आपण काय हसतोय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. हीच गोष्ट ऐकत गजू लहानाचा मोठा झाला. दारू पिऊन निघालेल्या माणसाला घर आपोआप सापडतं, असं या अंगणानं त्याला दरवर्षी हसत हसत शिकवलं, आणि ती दारात उभी राहून मान डोलावत होती.

तेवढ्यात गजेंद्र उठला आणि लेकीला हाक मारली. "सुचिता, चाल वं. सोडून देतो तुले सौंसरले."

सुचिता ही देवकाबाईची नात. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा नवीन कचेरी आली, त्या कचेरीत लागलेली. सणाला आली होती आणि उद्या ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. सौंसरहून तिला पांढुर्ण्याची बस धरायची होती.

"बाबा, तुम्ही घेतली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी फाट्यावरून बसनं जाते."

"आज बसमंदी पाय ठेवाले जागा नाई. सारे पांढुर्ण्याले करीच्या मेळ्यात जाऊन राह्यले. घरी गाडी असून माही पोरगी लटकत जाईन? लोकं काय म्हणतीन?"

"आणि पोलिसांनी नळी फुंकायला लावली म्हणजे? पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजारापर्यंत दंड आहे, नाहीतर सहा महिने जेल, नाहीतर दोन्ही. लायसन जाईल ते वेगळंच."

"सापडलो तं ना! सारी पुलिस आज तिकडं मेळ्यात हाय. इकडं कोन पाह्यते?" गजेंद्र हसला. बोलण्यात जीभ किंचित जड होती, पाय मात्र सरळ पडत होते, आणि म्हणूनच त्याला आपण ठीक आहोत असं वाटत होतं. "टेंशन नोको घेऊ. आबाले चांद्यानं आणलं, मले हा आणन."

अंगण हसलं. सुचिता हसली नाही. तिनं आजीकडे पाहिलं. आईनं, सरलानं, नवऱ्याला अडवायला तोंड उघडलं आणि पाहुण्यांकडे बघून मिटलं. सणाच्या दिवशी चारचौघांत नवऱ्याला बोलायचं कसं? सुचितानं बॅग उचलली. बापाचा शब्द मोडायचा तिला कधी सराव नव्हता. ती पिकअपचं दार उघडून आत बसली.

गजेंद्रनं किल्ली फिरवली. घुंगरं वाजली. तो आवाज देवकाबाईला झोपेतही ओळखू आला असता, आणि तिचे पाय आपोआप फाट्याच्या वेळेसारखे निघाले. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"माय, बाजूले हो ना."

"गाडी बंद कर."

"अवो माय, आत्ता येतो वापस..."

"चांद्याले रस्ता ठाऊक नव्हता," देवकाबाई म्हणाली.

इंजिन चालूच होतं, त्यामुळे ती पुन्हा म्हणाली, या वेळी अंगणाला ऐकू जाईल अशी. "त्या बैलाले काहीच ठाऊक नव्हतं. तो नाल्यात जात होता, नाई तं रामाकोन्याले. फाट्यावर मी उभी राहत होती. दर बाजाराले. कासरा धरून मीच आणत होती बंडी, आन् मागच्या दारानं घरात शिरत होती. तुह्या आजीनं सांगितलं होतं, कोनाले सांगू नोको म्हणून. म्या नाई सांगितलं. आज सांगून राह्यली."

गजेंद्रनं इंजिन बंद केलं. कोणी हसलं नाही. देवकाबाईची खाटेकडे बघायची हिंमत होईना. ज्या गोष्टीवर हा माणूस म्हातारपणी राजासारखा बसत होता ती तिनं पाहुण्यांदेखत त्याच्या खालून ओढून घेतली होती. तिला रडू फुटलं. "तुमाले कमीपणा आणाले नाई बोलली मी," ती पाठमोरीच म्हणाली. "पोरगी बसली हाय त्या गाडीत."

केशवरावांनी काठीच्या मुठीवर हात चोळला.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

देवकाबाई वळली.

"पावसाचे दिवस होते," केशवराव म्हणाले. त्यांचा गोष्ट सांगायचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हा आवाज सरलानंही कधी ऐकला नव्हता. "गजू तुह्या पोटात होता. नाल्यात ह्या एवढा चिखुल. माहे डोये उघडले तं तू कासरा धरून पुढं चालून राह्यली होती. मले वाटलं सपन हाय. मंग तुह्या पाय घसरला. तू पडली. मी पाहून राह्यलो बंडीतून, आन् मले उठता नाई आलं. हातपाय माहे नव्हतेच. मी तुले आवाज द्याले गेलो तं आवाज बी निघे ना. तू उठली, पोटाले हात लावून पाह्यलं, आन् पुन्हा कासरा धरला."

ते थांबले. यमुनाबाईच्या पालथ्या ताटाकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"त्याच्यानंतर म्या तोंडाले नाई लावली. लोकं विचारत, काऊन सोडली? काय सांगू? बायको पडली आन् मी पाहत राह्यलो, हे सांगू? बैलाच्या नावानं सांगितलं. लोकं हासले. मंग मी बी हासलो. हासता हासता इतके वर्स झाले."

त्या पावसाळ्यातलं ते पडणं देवकाबाईला आठवत होतं. गुडघा फुटला होता, आणि पोटातल्यानं हालचाल केली तेव्हा कुठं जिवात जीव आला होता. आपल्याला कोणी पाहिलं नाही म्हणून त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं.

गजेंद्र गाडीतून उतरला. दाराला धरून उतरला, आणि उतरताना झोक गेला तो सगळ्यांनी पाहिला, त्यानंही पाहिला. किल्ली त्यानं आईच्या हातात ठेवली. तिच्या तोंडाकडे बघण्याऐवजी तो तिच्या पायांकडे बघत होता. मग वळून लेकीच्या हातातली बॅग घेतली.

"चाल," तो सुचिताला म्हणाला. "फाट्यापावतर येतो. पायी."

देवकाबाईनं आरशाची घुंगरमाळ सोडली. खुंटीला अडकवायला म्हणून सोडली, पण ती हातातच राहिली आणि तीही निघाली. केशवरावांनी काठी टेकली. "मी बी येतो," म्हणाले. सरला म्हणाली, मामाजी, तुमच्यानं व्हायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही.

यमुनाबाई आपल्या दारात बसली होती. गजेंद्रच्या खांद्यावर बॅग, मागं सुचिता, मागं दोन म्हातारी माणसं आणि घुंगरांचा आवाज, अशी वरात बघून ती उठून उभी राहिली. "गाडी काय झाली?"

"घरी हाय," गजेंद्र मान खाली घालून म्हणाला. "घेतली हाय ना म्या आज."

यमुनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं केलं बापू," एवढंच म्हणाली, आणि ती माणसं वळणाआड होईपर्यंत दारात उभी राहिली.

फाट्यावर सावली नव्हती. बसेस भरून येत होत्या आणि न थांबता जात होत्या. तेवढ्या वेळात देवकाबाईनं नातीला कडुलिंब कुठं होते ते दाखवलं, बंड्या कुठून दिसायच्या ते सांगितलं. केशवराव मध्येच म्हणाले, "रामाकोन्याच्या बंड्यांची घुंगरं बारीक वाजत, आपली ठसठशीत." देवकाबाई चकित झाली. झोपलेल्या माणसाला हे कसं ठाऊक, असं विचारावंसं तिला वाटलं, पण विचारलं नाही. शेवटी एक बस थांबली. सुचिता दारातच कशीबशी उभी राहिली, वळून हात हलवला, आणि बापाला ओरडून म्हणाली, "पोहोचले की फोन करते!"

परत निघाले तेव्हा गजेंद्र मागं रेंगाळला. पाय नीट पडावेत म्हणून एकेक पाऊल बघून टाकत होता. देवकाबाई सवयीनं पुढं झाली. केशवरावांनी काठी आडवी धरली.

"तू मागं राह्य," ते म्हणाले. "आज मी पुढं."

ते पुढं झाले. काठी टेकत, थांबत, दम खात. नाल्यावर आता पूल आहे, तरी उतार आहेच. उतारावर ते थांबले आणि मागं न बघता एक हात मागं केला. देवकाबाईनं घुंगरमाळेचं एक टोक त्या हातात दिलं, दुसरं आपल्या मुठीत धरलं, आणि त्यांच्या मागून घराकडे चालू लागली.